आधी बोल्ट ओळखा: गॅरेजात नव्याने येणाऱ्यांसाठी

गॅरेजात शिकायला गेलो तेव्हा पहिले सहा महिने उस्तादांनी मला इंजिनाला हात लावू दिला नाही. बोल्ट खोलायचे, तारेच्या ब्रशने साफ करायचे, परत आवळायचे, एवढंच काम. तेव्हा फार राग यायचा. आज माझ्या हाताखाली मुलं शिकतात आणि मीही त्यांना सुरुवातीला तेच काम देतो. गाडीच्या रोजच्या कामांत नवीन पार्ट बसवणं हा सगळ्यात सोपा भाग असतो. जुना काढताना बोल्ट तुटला, नटाचं डोकं गोल झालं किंवा आटे मेले, की अर्ध्या तासाचं काम दिवसभर पुरतं.

नवीन मुलांचा पहिला प्रश्न असतो, कुठली हत्यारं घेऊ? त्याचं उत्तर रोज काय काम येतं त्यावर ठरतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मेकॅनिक म्हणजे दिवसभर इंजिन उतरवणारा माणूस. प्रत्यक्षात ऑइल आणि फिल्टर, ब्रेक, सकाळी स्टार्ट न होणारी गाडी, कूलंटची गळती, बेल्ट, पुढच्या चाकांचा खडखडाट आणि क्लच, यांतच बहुतेक दिवस जातात. इंजिन खाली उतरतं ते कधीतरी. म्हणून दोनशे नगांची चकचकीत पेटी पाहून हुरळू नका. त्यातले निम्मे नग वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत आणि जे रोज लागतात तेच नेमके कच्च्या लोखंडाचे निघतात.

पान्यांचे आणि गोट्यांचे (म्हणजे सॉकेटचे) रोज लागणारे आकार मोजकेच आहेत, सगळे मिलिमीटरमध्ये. ८, १०, १२, १३, १४, १७, १९ हे हाताशी असले की बरंचसं भागतं. चाकांच्या नटांना बहुधा १७, १९ किंवा २१ लागतो. यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं जपानी घडणीच्या गाड्यांत साधारण १२ चं असतं आणि युरोपी घडणीच्या गाड्यांत १३ चं. म्हणून एका गाडीत १०, १२, १४, १७ अशी साखळी सापडते, तर दुसरीत १०, १३, १६, १८. अंधारात, गाडीखाली आडवं पडून १२ च्या बोल्टवर १३ ची गोटी चढते, बसल्यासारखीही वाटते, आणि जोर लावला की कोपरे सोलून निघतात. गोटी चढवल्यावर जोर लावायच्या आधी ती बोटांनी डावी-उजवी हलवून बघा. खेळ जाणवला तर आकार चुकलाय, नाहीतर बोल्ट आधीच कुणीतरी खराब केलाय.

गोटी घेताना सहा कोनांची घ्या. बारा कोनी गोटीचा जोर बोल्टच्या कोपऱ्यांवरच येतो, सहा कोनीचा सपाट बाजूंवर पसरतो, त्यामुळे गंजलेला बोल्ट खोलताना ती सोडत नाही. बारा कोनी रिंग पान्याचा फायदा वेगळा आहे. अडचणीच्या जागी पाना थोडासाच फिरू शकतो, तिथे तो दर ३० अंशांवर नव्याने बसवता येतो. फिक्स पाना फक्त दोन बाजूंनी पकडतो. त्याने सैल झालेला नट फिरवावा किंवा पाइपचे जोड धरावेत, घट्ट बोल्टवर त्याने पहिला जोर लावू नये. गोटी फिरवायचं दातेरी हँडल, म्हणजे रॅचेट, आम्ही एक लहान, एक तीन सुती, म्हणजे इंचाच्या आठ भागांतल्या तीन भागांची, आणि एक अर्धा इंची अशा तीन ठेवतो. पैसे कमी असतील तर आधी तीन सुती घ्या. बॉनेटखालची बरीचशी कामं तिच्यावर होतात. फार घट्ट बोल्टसाठी गोटीला लावायचा लांब दांडा वेगळा ठेवा. रॅचेटला पाइप घालून ताकद लावली की आतले दात जातात आणि हात भिंतीवर आपटतो.

गंजलेल्या बोल्टशी वागायची एक रीत आहे. आधी तारेचा ब्रश, मग गंज सोडवणारं तेल, मग थांबायचं. हे थांबणंच नव्या मुलांना जमत नाही. तेवढ्यात दुसरं काम करा. परत आलात की बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे सरळ दोन-चार ठोके द्या, म्हणजे आट्यांमधला गंज फुटतो. त्यानंतर बोल्ट आधी किंचित आवळा आणि मग खोला. पाव फेरा सुटला की त्याच्या निम्मा परत आत, पुन्हा तेल, पुन्हा बाहेर. सुटताना बोल्ट किरकिरतो, तो आवाज चांगला. आवाज न होता पाना अचानक मऊ वाटायला लागला तर लगेच थांबा, बोल्ट पिळला जातोय. मऊ झाल्यापासून तुटेपर्यंत जेमतेम अर्धा फेरा मिळतो, आणि तेवढ्यात हात थांबवायला शिकण्यासाठीच ते सहा महिने होते हे मला नंतर समजलं. जोर नेहमी स्वतःकडे ओढून लावा. ढकलणं भाग असेल तर मूठ उघडी ठेवून तळव्याने ढकला. पाना सुटला तर बोटांची कातडी वाचते.

ऑइल बदलण्याचं काम सगळ्यात सोपं समजून नवख्याच्या हाती देतात, आणि मी सगळ्यात मोठी चूक त्यातच केली. एकट्याने केलेल्या पहिल्या काही ऑइल चेंजपैकी एकात जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली. मला ती दिसली नाही. नवीन फिल्टर तिच्यावरच बसवला, आवळला, गाडी चालू करून पाहिली, थेंबही नव्हता. रस्त्यावर दाब वाढल्यावर दोन रिंगांमधून ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर आलं. गाडीवाल्याने ऑइलचा लाल दिवा लागताच इंजिन बंद केलं म्हणून ते वाचलं. त्या दिवसापासून जुना फिल्टर हातात आला की मी आधी त्याची रिंग बघतो, नंतर इंजिनाच्या बसणीवरून बोट फिरवतो. नवीन रिंगला थोडं ऑइल लावायचं, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि फिल्टरवर लिहिलेलं असेल तेवढाच पुढे आवळायचा. बहुतेकांवर साधारण पाऊण फेरा असतो. खालच्या ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवीन. ऑइल पॅन ॲल्युमिनियमचं असलं तर लांब पान्याने आवळायचा मोह टाळा, कारण बोल्ट लोखंडाचा असतो आणि आटे पॅनचे जातात.

ब्रेकच्या कामात पॅड बदलणं दुय्यम आहे. जुने पॅड टाकायच्या आधी दोन्ही शेजारी ठेवून बघा. आतला पार धातूपर्यंत गेलाय आणि बाहेरचा अर्धा शिल्लक आहे, तर पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्यात. नुसते नवीन पॅड घालून गाडी दिली तर ती काही महिन्यांत त्याच तक्रारीने परत येणार. पिना बाहेर काढा, पुसून काढा, रबराला चालणारं ब्रेकचं ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. कॅलिपर खोलला की तो ब्रेकच्या रबरी नळीवर (होजवर) लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. ब्रेकची धूळ हवा मारून उडवू नका, क्लीनरने ओली करून पुसा, ती छातीत जाते. पिस्टन आत ढकलताना बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर येतं. ते बॉडीवर सांडलं तर रंग निघतो, म्हणून जवळ ओलं फडकं ठेवा.

हे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ या प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइलमध्ये वाफ झाली की पॅडल जमिनीला टेकतं. ऑइलचा रंग बरा दिसतोय म्हणून मुदत पुढे ढकलू नका. आणि काम संपल्यावर गाडी जागची हलवायच्या आधी पॅडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन दाबांत ब्रेक लागतच नाही.

गाडी स्टार्ट होत नसली तर बॅटरी बदला म्हणणं सोपं असतं. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिच्या दोन बॅटऱ्या आधीच बदलून झाल्या होत्या. मी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला, इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या आसपास मिळायला हवे, तेही मिळत होते. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी थेट इंजिनाच्या धातूवर धरली आणि मदतनिसाला चावी फिरवायला सांगितली. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं होतं, मीटरने दोनच्या वर दाखवलं. इंजिनापासून बॉडीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली गंजून हिरवी झाली होती. ती खोलली, घासली, आवळली. इतकंच काम होतं. म्हणून हत्यारांच्या पहिल्या पेटीत मल्टिमीटर हवाच, साधा चालेल. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी आणि लावताना निगेटिव्ह शेवटी, कारण पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

खडखडाटासाठी हत्यार जवळपास लागतच नाही, दोन हात पुरतात. चाक उचलून डावी-उजवीकडून धरा आणि हलवा. खेळ आला तर स्टेअरिंगकडचा जोड बघा. वर-खाली धरून खेळ आला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. वेगाबरोबर वाढणारी घुमघुम डावीकडे वळताना वाढली तर शंका उजव्या बेअरिंगवर घ्या, कारण भार त्या बाजूला जातो.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आता सगळ्यांकडे असतो आणि त्यावरचा कोड पार्टचं नाव समजला जातो. मिश्रणात इंधन कमी असल्याचा कोड आला की लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलणारे मी पाहिलेत, आणि बऱ्याचदा चूक एखाद्या फाटलेल्या रबरी नळीची असते. सेन्सर बिचारा खरं सांगत असतो. स्कॅनर उशिरा घेतलात तरी चालेल, पण घेतलात तर नुसते कोड वाचणारा घेऊ नका, इंजिन चालू असताना सेन्सरचे आकडे दाखवणारा घ्या.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना, मात्र लवकर घ्या. छोट्या गाड्यांच्या चाकांचे नट साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटरमध्ये येतात, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात बघायचा. नट चांदणी काढल्यासारखे समोरासमोरचे आवळा, आणि आट्यांना ऑइल लावू नका. आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो, ओल्या आट्यांवर तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. टॉर्क रेंचने बोल्ट खोलू नका आणि काम झाल्यावर तो सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. नट ठोके देत फिरवणाऱ्या इम्पॅक्ट गनवर चकचकीत गोट्या लावू नका. त्या फुटून तुकडे उडतात, काळ्या जाड गोट्या त्यासाठीच असतात.

काटकसर कुठे करायची हे विचाराल तर पेटीवर करा, ट्रेवर करा, हातोडीवर करा. बोल्टला जे टेकतं त्यावर करू नका. आणि जॅकने उचललेल्या गाडीखाली आधाराला लावायच्या घोड्यांवर तर मुळीच नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी कधीच जात नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी. घोड्या लावल्यावरही गाडी हाताने जोरात हलवून बघतो आणि मगच खाली सरकतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत उच्च दाबाच्या विजेच्या नारंगी केबल दिसल्या, तर त्याचं शिक्षण घेतल्याशिवाय हात लावू नका.

बॉनेट बंद करायच्या आधी गोट्यांची पट्टी हातात घ्या आणि खाच रिकामी आहे का बघा. माझ्या पट्टीत सगळ्यात जास्त वेळा १० ची खाच रिकामी सापडते. ती गोटी बॅटरीच्या ट्रेवर किंवा बेल्टजवळच्या एखाद्या कोपऱ्यात पडलेली असते. ती हातात येईपर्यंत मी गाडीला चावी लावत नाही.