घरच्या आजारी माणसाचं करणाऱ्या बाईला आपल्या मदतीचा उपयोग झाला का? हे मोजताना या चुका टाळा

मिरज-तासगाव भागात आम्ही काही जणी मिळून एक छोटं काम करतो. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे तिथं आठवड्यातून दोनदा, तीन-तीन तास, ट्रेनिंग घेतलेली एक ताई जाऊन बसते, म्हणजे जी सून, बायको किंवा लेक त्या माणसाचं सगळं एकटी करतेय तिला तेवढा वेळ तरी मोकळा मिळतो. ह्यानं तिचं खरंच काही हलकं होतंय का हे बघायला गेलो आणि पहिलं वर्षभर जवळजवळ सगळं चुकीचंच मोजलं. कुणी असं काम करत असेल तर त्यांचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधीची चूक म्हणजे आपलंच काम मोजणं. किती घरं, किती भेटी, किती डायपर, किती एअर बेड दिले. हिशोबाला ते लागतंच, पण त्यात ती बाई कुठंच नसते.

मग आम्ही फॉर्म केला. आणि तो विचारला कुठं, तर पेशंटच्या कॉटशेजारी खुर्ची टाकून! एका घरी सासऱ्यांना लकवा झालेला, लघवीची पिशवी लावलेली, सासूबाई दाराशी तांदूळ निवडत बसलेल्या. आमच्या ताईनं विचारलं, "वहिनी, ह्या सगळ्याचा त्रास होतो का?" तर, "न्हाई ओ, त्रास कसला, आपलीच माणसं हायत." सगळ्या प्रश्नांना शून्य. ताई चप्पल घालून निघाली तर त्याच वहिनी गोठ्यापर्यंत मागं आल्या आणि म्हणाल्या, "ताई, चार महिनं झालं सलग झोप न्हाई. रातीचं तीनदा-चारदा उठायला लागतंय कूस बदलायला." पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदला हे आपणच सांगून आलेलो असतो, आणि त्यासाठी रात्री कोण उठतंय हे आपल्या फॉर्ममध्ये नाही!

तेव्हापासून प्रश्न गोठ्यात, धुण्याच्या दगडापाशी, जिथं ती एकटी सापडेल तिथं विचारतो. आणि विचारायला सेवा देणारी ताई जात नाही, दुसरं कुणीतरी जातं. जी ताई सासऱ्यांना आंघोळ घालते तिला तोंडावर "तुमचा काय उपयोग झाला नाही" असं आमच्याकडची कुठलीच वहिनी म्हणणार नाही.

भाषेचंही बघा. आजारी माणसाचं करणाऱ्यावर किती भार पडतो हे मोजायला झारिट म्हणून एक प्रश्नावली जगभर वापरतात, २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, म्हणजे जास्तीत जास्त ८८. जितके गुण जास्त तितका भार जास्त. आम्ही त्यातले सोपे वाटले तेवढे सात-आठ प्रश्न घरीच मराठीत केले आणि "ओझं वाटतं का" असं विचारलं. जन्मदात्या आईला किंवा सासऱ्याला ओझं कोण म्हणेल हो? पाप लागेल असं वाटतं माणसाला. आणि असे मनानं निवडलेले प्रश्न विचारून बेरजेला मूळ प्रश्नावलीचं नाव देणं हे तर साफ चूक. पूर्ण वापरायची तर रीतसर परवानगी काढून, तपासलेलं मराठी रूप घेऊन वापरा. नाहीतर जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-५ ही प्रश्नावली बघा, पाचच वाक्यं आहेत, गेल्या दोन आठवड्यात मन कसं होतं, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का अशी, प्रत्येकी ० ते ५, बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी गुण मिळतात. ह्यात आजाऱ्याचं नावच येत नाही त्यामुळं बाई मोकळेपणानं बोलते.

आता सीझनची गोष्ट, ही आम्हाला फार उशिरा कळली. पहिली माहिती घेतली नोव्हेंबरात, दुसरी जुलैत, आणि आकडे इतके सुधारलेले की आम्ही खुश. पण ऑक्टोबरची छाटणी झाली की द्राक्षबागेत कामाची नुसती झुंबड असते, पेस्टिंग (डोळे फुटायला काडीला औषध लावणं), फुटवे काढणं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), बाई बागेतून घरी आणि घरातून बागेत, आणि जुलैत त्या मानानं बागेला निवांतपणा असतो. म्हणजे जे हलकं झालं ते आमच्यामुळं की बागेमुळं, सांगता येईना. तेव्हा सेवा सुरू व्हायच्या आधी एकदा विचारा, आणि मग पुढच्या वर्षी त्याच महिन्यात विचारा. ज्यांचा नंबर अजून लागला नाही अशा घरांतही त्याच आठवड्यात विचारून ठेवा, तुलनेला तीच घरं उपयोगी पडतात. कृष्णाकाठच्या गावात तर २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला की तेवढ्या काळातले फॉर्म वेगळेच काढून ठेवावे लागतील.

"रोज किती तास जातात?" हा प्रश्न विचारूच नका. कुणी "दिवसभर" म्हणतं, कुणी "काय लागतंय, तासभर". देशभरात २०१९ साली वेळेच्या वापराचा जो सरकारी सर्व्हे झाला त्यात आदल्या दिवशी पहाटे ४ पासून दुसऱ्या दिवशी पहाटे ४ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासानं काय केलं हे विचारलं होतं. तसंच कालचा दिवस धरून विचारा, भाकरी थापताना लक्ष कॉटकडं होतं का तेही विचारा, आणि रात्री किती वेळा उठली हे वेगळं लिहा, पाच-पाच मिनिटांचं उठणं अर्ध्या तासाच्या खणात दिसतच नाही.

मोकळे झालेले तास गेले कुठं हे बघायला मात्र विसरू नका. आम्हाला वाटलेलं बाई झोपेल, माहेरी फोन लावेल, देवळात जाऊन येईल. एक काकी त्या तीन तासांत दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायला लागल्या. आमच्यात वाद झाला, काही म्हणाल्या ही कसली विश्रांती, हे अपयश धरा. मी काकींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "स्वतःचं पैसं हातात आलं, औषधाला दिराकडं हात पसरायला लागत न्हाई आता." माझ्या मते हे अपयश नव्हे. म्हणून आता सुरुवातीलाच विचारतो की मोकळा वेळ मिळाला तर तुम्हाला काय करायचंय, आणि सहा महिन्यांनी बघतो तेच झालं का. दुसऱ्या एकीला झोपायचं होतं आणि घरच्यांनी तिला त्या वेळात धुणं-भांडी लावली, तिथं मात्र आमचं चुकलं, घरच्यांशी आधी बोलायला हवं होतं.

गुण सुधारले नाहीत म्हणून लगेच सेवा फुकट गेली असंही धरू नका. विसरण्याचा आजार, पार्किन्सन हे वाढतच जातात. वर्षात आजारी माणूस चालता होता तो कॉटवर आला आणि तरी बाईचे गुण होते तिथंच राहिले तर मदतीनं सावरलं असण्याची शक्यता आहे, आणि हे कळायला पेशंटची अवस्था दर वेळी सोबत नोंदलेली पाहिजे.

आणि यादीतून गळालेली घरं. पेशंट वारला की आम्ही रजिस्टरचं पान बंद करायचो, कंटाळून ज्यांनी सेवा थांबवली त्यांचंही तसंच, आणि उरलेल्यांची सरासरी काढून चांगलं चाललंय म्हणायचो. आता किती घरं गळाली आणि का, हे अहवालात वरच लिहितो. वारलेल्या घरी तीन महिन्यांनी एकदा जातो, फॉर्म न काढता बसतो, ती बोलली तर घरी येऊन तारीख घालून लिहून ठेवतो.