पावसाळ्याआधी वाफेच्या इंजिनाची निगा

१८५३ साली साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांनी देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यात आणली. आज ठाणे-नवी मुंबईत जुनं इंजिन उघड्यावर मांडायचं, तर खाडीची खारी हवा आणि पाऊस यांचा बंदोबस्त एप्रिल-मेमध्येच करा.

सुरुवात स्मोकबॉक्सपासून, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या, धुराड्याखालच्या कप्प्यापासून. तळातली राख खरवडून पूर्ण काढा. ती भिजली की तिच्यातल्या गंधकामुळे आम्ल तयार होतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरचा रंग शाबूत दिसतो, पण दाबलं की पत्रा पापडासारखा मोडतो. म्हणून धुराड्यावर झाकण हवंच.

बॉयलरचं पाणी सोडा, वॉशआउट प्लग (बॉयलर धुण्यासाठीची बुचं) उघडून गाळ धुवा, आतून खडखडीत वाळवा. मग ट्रेमध्ये चुनकळी (न विझवलेला चुना) ठेवून सगळं घट्ट बंद करा. चुनकळी ओलावा शोषून फुगते, तेव्हा ट्रे अर्धाच भरा. हातमोजे, चष्मा घाला.

कनेक्टिंग रॉड, पिस्टन रॉड या चाकं फिरवणाऱ्या दांड्यांना रंग नको, ग्रीसचा जाड थर द्या. बाकी ठिकाणी गंज ब्रशने काढून आधी प्रायमर, मग रंग. गंजावरच रंग मारणं म्हणजे रोग झाकणं.

बॉयलरभोवतीच्या जुन्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं; त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. तपासणी झाल्याशिवाय त्याला हात लावू नका.