नोकरी सांभाळून घरच्या रुग्णाची देखभाल: वेळ कशी बसवायची

आधी आठवडाभर वहीत तीन रकाने भरा: काम, किती वाजता, किती मिनिटं. अपॉइंटमेंटसाठी केलेले फोन, औषधं आणणं, रात्री उठणं हेही लिहा. हिशेबातून नेमकं हेच सुटतं. मग प्रत्येक कामापुढे खूण करा, वेळ हलते की नाही. जेवणाआधीचं इन्सुलिन हलत नाही. अंघोळ, कपडे, बिलं हलतात. न हलणारी जी कामं ऑफिसच्या वेळेत येतात, तेवढ्यांचीच सोय लावायची आहे. बाकीची निमूट संध्याकाळी ढकला.

वरिष्ठांकडे ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणत जाऊ नका. त्यावर मान डोलावली जाते, बदलत काहीच नाही. नेमकं मागा: ‘मंगळवारी आणि गुरुवारी एक तास उशिरा येईन, एक तास उशिरा निघेन, सहा आठवडे करून बघू.’ तोंडी होकार मिळाला तरी त्याच दिवशी मेल टाका. वरिष्ठ बदलले की तोंडी ठरलेलं कुणालाच आठवत नाही.

गोळ्यांचा सात दिवसांचा, रोज चार कप्प्यांचा डबा घ्या आणि आठवड्यातून एकदाच, डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून भरा. घोळ दोन ठिकाणी होतो. ‘दुखलं तरच’ घ्यायच्या गोळ्याही कप्प्यात जातात. त्या वेगळ्या ठेवा. आणि डोस बदलला तरी पुढचे कप्पे जुनेच राहतात, म्हणून बदल झाला की अख्खा डबा रिकामा करून पुन्हा भरायचा. काही गोळ्या दमट हवेत खराब होतात, त्या स्ट्रिपमध्येच ठेवायच्या. कोणत्या, ते औषधाच्या दुकानात विचारा.

घरच्यांशी ठरवून टाका: लागोपाठ दोन फोन म्हणजे तातडीचं, बाकी सगळं मेसेजवर. दुपारी ठरल्या वेळी तुम्हीच फोन करा, म्हणजे अधलेमधले आपोआप कमी होतात.

भावंडांना नुसतं ‘मदत कर’ म्हणून भागत नाही. अख्खं काम द्या: ‘औषधं संपायच्या पाच दिवस आधी मागवणं तुझ्याकडे.’ अर्धं दिलंत, तर आठवण करून द्यायचं काम तुमच्याच गळ्यात राहतं.

तपासणीसाठी सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे अर्ध्या रजेत भागतं.

तुम्ही अडकलात तर कोण येईल, हेही आत्ताच ठरवा, आणि तुम्ही घरी असताना एक दिवस त्यांच्या हातून सगळं करून घ्या. कवळी कुठल्या वाटीत असते, कानाच्या मशीनचे सेल कुठल्या खणात, हे सांगायचं राहिलंय ते तेव्हाच कळतं.