ताब्याच्या वादात मुलाचे हक्क कसे जपावेत

जन्मदाता पालक आणि रक्ताचे नाते नसतानाही मुलाला वाढवणारा पालक यांच्यात ताब्याचा वाद उद्भवल्यास प्रथम आपले कायदेशीर स्थान तपासावे. दत्तकविधान रीतसर पूर्ण झाले असेल तर दत्तक पालक सामान्यतः कायद्याने पूर्ण पालकच ठरतो, परंतु सावत्र पालकाला अनेक देशांत दावा करण्याचा अधिकार आहे का, इथूनच सुरुवात करावी लागते.

त्यानंतर दैनंदिन संगोपनातील आपला वाटा दाखवणाऱ्या शाळेच्या व दवाखान्याच्या नोंदी जमवाव्यात. प्रतिपक्षाच्या चुकांची यादी करण्यापेक्षा हे अधिक उपयोगी ठरते, जरी रागाच्या भरात नेमके उलटे सुचत असले तरी.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३ मुलाच्या सर्वोत्तम हिताला प्राधान्य देते, तर कलम १२ नुसार स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला ते मांडण्याचा हक्क असून त्याचे वय व परिपक्वता पाहून त्या मताला वजन द्यावे लागते. म्हणून न्यायाधीशांनी किंवा स्वतंत्र प्रतिनिधीने मुलाचे म्हणणे दोन्ही पालकांच्या अनुपस्थितीत ऐकावे, अशी विनंती वकिलामार्फत करावी. मुलाला पढवू नये आणि ‘तुला कोणाकडे राहायचे?’ असे घरी विचारूही नये. मत मांडणे हा त्याचा हक्क आहे, निवाडा करणे ही त्याची जबाबदारी नव्हे.

निकालाला वेळ लागणार असेल तर अंतरिम भेटींचा आदेश मागावा, आणि तो मिळेपर्यंत मुलाला परस्पर घेऊन जाण्याचे टाळावे.