सरकारी नोकरीच्या घरातून काळ्या कोटात: वकिलीची पहिली तीन वर्षे

वडील तहसीलमध्ये, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत, काका पोलिस खात्यात. अशा घरातून वकिलीत येणाऱ्याकडे पक्षकार नसतात, पण फाइल वाचायचा कान असतो. टिपणी कुणी ठेवली, कुणी नुसती सही केली, जावक क्रमांक कुठे शोधायचा, शासन निर्णय आणि परिपत्रकात फरक काय, हे सगळं जेवताना कानावर पडलेलं असतं. दिवाणी कोर्टात त्याला फारसा भाव नाही. सेवाविषयक प्रकरणांत, म्हणजे नेमणूक, बढती, निलंबन अशा नोकरीच्या वादांत, मात्र तेच भांडवल आहे.

सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, आधी उरकून घ्या. अधिवक्ता अधिनियम 1961 च्या कलम 24 नुसार नोंदणी शुल्क 750 रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. मुद्रांक शुल्क सोडून याहून जास्त घेता येणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 30 जुलै 2024 चा निकाल आहे. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा: 100 बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण व्हायला खुल्या आणि ओबीसी उमेदवारांना 45 टक्के. आत फक्त कोरे बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टिपांशिवाय नुसता कायदा छापलेली पुस्तकं, नेता येतात. टिपा छापलेली किंवा समासात पेन्सिलीने भरलेली प्रत दारातच काढून घेतली जाते.

घरचे 'सोबत कुठेतरी नोकरी बघ' म्हणतील, कारण त्यांचा महिना एक तारखेला सुरू होतो. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि चालू सनद एकत्र चालत नाहीत. नोकरी धरायचीच असेल तर आधी सनद स्थगित करा. ज्युनिअरला शहरात 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेने, 2024 मध्ये सुचवलं. ती शिफारस आहे, सक्ती नाही, त्यामुळे सिनिअरशी आकडा पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या.

पहिलं वर्ष जिल्हा न्यायालयातल्या दिवाणी सिनिअरकडेच काढा. आदल्या रात्री ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघायचा, डायरीत प्रकरण क्रमांकाबरोबर सीएनआर, म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा 16 अक्षरी-अंकी स्वतंत्र क्रमांक, उतरवायचा, पुकाऱ्याआधी कोर्टात उभं राहायचं. तारीख पडली की त्या दिवशीचा रोजनामा, म्हणजे कोर्टाने केलेली कामकाजाची नोंद, वाचल्याशिवाय घरी जाऊ नका. तुम्ही पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी कळवणारा कागद, दिली आणि ती रोजनाम्यात आलीच नाही, तर पुढच्या तारखेला ती दिली होती हे सांगत बसावं लागतं. कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, मुदत समन्स बजावल्यापासून 30 दिवस, कोर्टाने वाढवली तर 90. निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. नक्कल मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, पण अर्जच उशिरा टाकला तर मधले दिवस तुमच्याच खात्यावर.

ही डायरी न्यायाधीशाच्या परीक्षेलाही लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. वकिली केल्याचा दाखला घ्यायला गेल्यावर कोर्टात नेमकं काय केलं, हे दाखवता आलं पाहिजे.

दुसऱ्या वर्षी सेवाविषयक काम सुरू करा. पक्षकार समोर बसला की पहिला प्रश्न: नेमणूक कुणी केली? राज्य सरकारचा कर्मचारी, पोलिसासकट, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो, म्हणजे मॅटमध्ये. जिल्हा परिषदेचा कर्मचारी तिथे जात नाही, त्याच्यासाठी उच्च न्यायालय. खासगी शाळेतल्या शिक्षकाला बडतर्फ केलं तर शाळा न्यायाधिकरण, मुदत 30 दिवस. 'सरकारी माणूस म्हणजे मॅट' असं धरून चालणाऱ्याचा अर्ज कार्यक्षेत्राच्या मुद्द्यावर परत येतो आणि तोवर खरी मुदत निघून गेलेली असते.

इथेच घरची सवय आड येते. नोकरदार घरात अन्याय झाला की विनंती अर्ज करतात, उत्तर आलं नाही की स्मरणपत्र, मग आणखी एक. मॅटची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष आहे. नियमात असलेलं अपील किंवा निवेदन केलं आणि सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. नियमाबाहेरची दहा स्मरणपत्रं ही मुदत एका दिवसानेही वाढवत नाहीत. म्हणून पक्षकाराची प्लास्टिकची पिशवी उघडली की कागद विषयानुसार लावू नका, तारखेनुसार लावा. मूळ आदेश, तो मिळाल्याची पोच, पहिलं अपील, त्यावरचा आवक शिक्का. शिक्का पुसट असेल तर आवक नोंदवहीची प्रत माहिती अधिकारात मागा: दहा रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर.

विभागीय चौकशीत दोषारोपपत्राला चार जोडपत्रं असतात: दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. तिसरं आधी वाचा. यादीत नोंद आहे पण प्रत दिलेली नाही, असा कागद बहुधा सापडतोच. तो लेखी मागितल्याखेरीज बचावाचं निवेदन देऊ नका. निलंबन असेल तर दिवस मोजा. तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावलं नसेल, तर निलंबन त्यापुढे चालू नये असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा अजय कुमार चौधरी निकाल अर्जाला जोडा.

वडिलांच्या ओळखीचं काय करायचं? त्यांच्या टेबलावरची फाइल घरी मागवू नका, त्यांनाच शिस्तभंगाची नोटीस लागेल. त्यांच्या कार्यालयात तुमची कार्डं वाटू देऊ नका. मध्यस्थामार्फत काम मागायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. सरकारी क्वार्टरच्या दारावर वकिलीची पाटी नको, ती जागा राहण्यासाठी दिलेली असते. आणि नात्यातला माणूस ज्या कोर्टात, न्यायाधिकरणात किंवा पुरावा घेणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या खुर्चीत बसला असेल, त्याच्यासमोर उभं राहता येत नाही. ही यादी लांब आहे: आई-वडील, काका-मामा, भाऊ-बहीण, चुलत भाऊ, भाचा, सासरे, मेहुणा. वडील तहसीलदार म्हणून फेरफाराची तक्रार ऐकत असतील, तर ते प्रकरण दुसऱ्या वकिलाकडे द्या.

वडिलांच्या सहकाऱ्यांकडून फी घेताना संकोच होतो, तरी पावती फाडाच. कोर्ट फी, टायपिंग, नकला हा खर्च एका रकान्यात, तुमची फी दुसऱ्या. फुकट घेतलेल्या कामाचंही वकीलपत्र रीतसर भरून सही घ्या, म्हणजे पुढे कोण कुणाच्या सांगण्यावरून उभं राहिलं होतं, हा प्रश्न येत नाही.