गुडघ्याला दोष देण्याआधी धावण्यातल्या या चुका टाळा

नेरूळच्या डीपीएस तलावाकाठी फ्लेमिंगोंच्या दिवसांत गेलात, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "बघ बघ, याचा गुडघा उलटा वाकतो!" तो गुडघा नाहीच मुळी. तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. पुढे 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' उद्यानाच्या ट्रॅकवर सकाळी धावणारे आपणही फार वेगळं करत नाही. गुडघा दुखतो, म्हणून गुडघ्यालाच धरतो. मी दोन पावसाळे नी-कॅप बांधून काढले, खिसा रिकामा करणारे बूट घेतले. दुखणं तसंच राहिलं, कारण बिघाड पाऊल पडण्याच्या जागेत होता.

वेग वाढवायचा म्हणून ढांगा लांब टाकणं

सगळ्यात मोठी चूक हीच. बाकीच्या निम्म्या तक्रारी हिच्याच पोटातल्या.

चालताना कुठला तरी एक पाय कायम जमिनीवर असतो आणि त्याच्यावरून शरीर उलट्या लंबकासारखं पुढे झुकतं. धावताना मात्र मधला क्षण आपण हवेत असतो, आणि उतरताना जमीन वजनाच्या दोन ते तीन पट जोराने उलट ढकलते. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या एका पायावर १४० ते २१० किलोंचा भार, तोही प्रत्येक पावलाला. आता हे पाऊल कंबरेच्या खूप पुढे, गुडघा ताठ ठेवून टेकवलंत, तर जमिनीचा धक्का तुम्हाला मागे लोटतो. दर पावलाला ब्रेक, मग पुन्हा ॲक्सिलरेटर. रिक्षावाला असं चालवायला लागला, तर आपण वाशी येण्याआधीच उतरू.

तपासायचं कसं? सोबत्याला बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. पाऊल जमिनीला टेकतं तिथे चित्र थांबवा. नडगी साधारण उभी दिसली तर ठीक. पाऊल गुडघ्याच्या बरंच पुढे गेलेलं असेल, तर चोर सापडला. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. चित्रकार शेकडो वर्षं चौखूर उधळलेला घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून रंगवत आले. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा दिसलं, की घोड्याचे चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना.

उपाय सोपा, पण कंटाळवाणा. उजवं पाऊल ३० सेकंदांत किती वेळा पडतं ते मोजा आणि चारने गुणा. ४० आलं, तर मिनिटाला १६० पावलं. वेग तोच ठेवून हा आकडा पाच टक्क्यांनी वाढवा, म्हणजे १६८. ढांग आपोआप आखडते. 'वेग तोच' हे विसरलात तर फक्त दमाल. मोबाइलवरचा मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून ठेका देणारं ॲप, इथे कामाला येतो. आणि 'मिनिटाला १८० पावलं हवीतच' असं म्हणतात, त्या आकड्याची पूजा नको. तो धावण्याचे प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या ऑलिंपिकमधल्या धावपटूंची पावलं मोजली, त्यातून आला. तुमचा-माझा वेग तो नाही.

चवड्यावर धावण्याची घाई

"प्राणी कुठे टाच टेकवतात?" असा युक्तिवाद ट्रॅकवर नेहमी होतो. बऱ्याच प्राण्यांबाबत खरं आहे. कुत्रा बोटांवर चालतो, घोडा तर प्रत्येक पायाच्या एकाच नखावर. पण त्यांच्या हाडांची ठेवणच तशी आहे. आपली टाच मोठी आणि जमिनीला टेकणारी. प्राण्यांच्या हालचालींचे अभ्यासक अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८७ च्या अभ्यासानुसार धावताना पावलागणिक जी ऊर्जा खाली-वर होते, तिच्यातली साधारण ३५ टक्के टाचेमागच्या कंडरेत (पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या दोरीत) आणि १७ टक्के तळपायाच्या कमानीत स्प्रिंगसारखी साठून परत मिळते. चवड्यावर उतरलात की या कंडरेवर आणि पोटरीवर ताण वाढतो. एका आठवड्यात बदल केलात, तर गुडघ्याचं दुखणं टाचेमागे येऊन बसतं, इतकंच. पाच-पाच मिनिटांनी, काही महिने लावून बदला. तक्रार नसेल तर बदलूच नका.

धावायच्या वेगाने चालणं

'मी धावत नाही, फक्त झपाझप चालतो' म्हणणाऱ्यांची नडगीची पुढची बाजू भरून येते. ताशी सात किलोमीटरच्या आसपास चालणं महाग पडू लागतं आणि शरीर स्वतःहून धावायला बघतं. तिथे हट्टाने चालत राहिलं, की पाऊल वर उचलणारा नडगीचा स्नायू थकतो. एक तर वेग उतरवा, नाहीतर सरळ हळू धावा.

छोट्या गोष्टी

पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने धावलात, तर एक पाय कायम खाली पडतो. तलावाला फेऱ्या मारता तेव्हाही मधूनमधून दिशा बदला.

कुत्र्याला सोबत नेत असाल तर उजाडायच्या आत. तो आपल्यासारखा अंगभर घामत नाही, धापा टाकूनच गार होतो, आणि खाडीकाठच्या दमट हवेत तेही नीट जमत नाही. तो मागे रेंगाळला, की फेरी तिथेच संपवायची.

हाडावर एका बोटाने दाखवता येईल असं दुखणं, सूज, किंवा रात्री झोपेतून उठवणारी कळ यांवर वरचं काहीच करून बघू नका. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं, मेट्रोनोम घरी ठेवून.