विमा नसताना अपघात झाला, तर कॅलिफोर्नियात भरपाई कशी मागावी

विमा नसलेल्या गाडीला दुसऱ्याच्या चुकीने धडक बसली, तर समोरच्याच्या विमा कंपनीचा अॅडजस्टर (दावे तपासून रक्कम ठरवणारा कर्मचारी) ‘तुम्हाला काहीच मिळणार नाही’ असे फोनवर सांगू शकतो, आणि आधीच धास्तावलेला माणूस ते खरे मानून गप्प बसतो. कृपया तसे करू नका. नोव्हेंबर १९९६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेला ‘प्रोपोझिशन २१३’ हा कायदा विमा नसलेल्या मालकाला व चालकाला वेदना, मनस्ताप, विद्रूपता यांची भरपाई नाकारतो. औषधोपचाराचा खर्च, बुडालेला पगार आणि गाडीची दुरुस्ती मागण्याचा हक्क मात्र शाबूत राहतो.

अपघाताच्या दिवशी विमा खरोखरच नव्हता का, हे सर्वांत आधी पाहावे. हप्ता चुकला म्हणजे त्याच दिवशी विमा संपला, असे नसते. कंपनीला पॉलिसी रद्द करण्याची नोटीस आगाऊ पाठवावी लागते. त्यामुळे त्या नोटिशीवरची तारीख अपघाताच्या तारखेशी ताडून पाहावी.

विमा नव्हताच असे ठरले, तर सगळी मदार कागदांवर राहते. रुग्णालयाकडून एकरकमी बिल न घेता रुग्णवाहिका, एक्स-रे, टाके अशी प्रत्येक बाबीची रक्कम वेगळी दाखवणारे बिल मागावे, आणि नोकरीच्या ठिकाणाहून गैरहजेरीच्या तारखा व बुडालेला पगार नोंदवलेले पत्र घ्यावे.

गाडीत बसलेल्या, पण मालक नसलेल्या प्रवाशांना ही बंदी लागू नाही. त्यांनी आपला दावा स्वतंत्रपणे आणि पूर्ण करावा. समोरचा चालक दारूच्या नशेत होता आणि त्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, तर विमा नसलेल्या गाडीच्या मालकालाही वेदनेची भरपाई मागता येते. हा अपवाद दोषसिद्धीवर अवलंबून असल्याने त्या फौजदारी खटल्याचा पाठपुरावा शेवटपर्यंत करावा.

कोणाला दुखापत झाली असेल, तर डीएमव्हीकडे (राज्याच्या वाहन व परवाना खात्याकडे) १० दिवसांत एसआर-१ हा अपघाताची माहिती देणारा अर्ज भरावा लागतो. विमा नव्हता हे त्यात उघड होते आणि परवाना निलंबित होऊ शकतो, तरी तो टाळू नये. दुखापतीचा दावा न्यायालयात दाखल करण्याची मुदत साधारणपणे २ वर्षे आहे. धडक सरकारी वाहनाची असेल, तर ६ महिन्यांच्या आत त्या खात्याकडे लेखी दावा द्यावा लागतो. उपचार पूर्ण होण्याआधी ‘रिलीज’वर (दावा मिटला असे मान्य करणाऱ्या कागदावर) सही करू नये, कारण त्यानंतर निघालेल्या खर्चाची मागणी सहसा करता येत नाही.